वैलाची आच : प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यात वर्षभर कुठे ना कुठे फळ उकळत असते आणि कुठे ना कुठे फळ गार होत असते. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत पिंपळगाव बसवंत आणि गिरणारे इथल्या बाजारांत टोमॅटोचे कॅरेट येतात. त्यातला जास्त पिकलेला, लांबच्या प्रवासाला न टिकणारा माल सॉस आणि पेस्टच्या कारखान्यांकडे वळतो. जानेवारी लागला की दिंडोरी, निफाड, चांदवडकडची पॅकहाउस रात्रंदिवस चालू होतात आणि बागेतून आलेली ऊन द्राक्षे काही तासांत शून्याच्या जवळ आणली जातात. त्याच महिन्यांत वायनरीच्या टाक्यांत रस आंबू लागतो, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो. दूध, चिवडा, मसाले, बेकरी यांना तर हंगामच नाही. या सगळ्या उद्योगाचा एक कच्चा माल शेतातून येतो आणि त्याच्या भावाची चर्चा रोज होते. दुसरा कच्चा माल म्हणजे उष्णता. ती ब्रिकेट, कोळसा, फर्नेस ऑइल, गॅस किंवा वीज या रूपात विकत घेतली जाते, एकदा वापरली जाते आणि चिमणीतून, गटारातून, कूलिंग टॉवरवरून सोडून दिली जाते. हे पुस्तक त्या सोडून दिलेल्या उष्णतेविषयी आहे.

आपल्याकडे या विचाराचा उगम शोधायला कारखान्यात जावे लागत नाही. जुन्या चुलीला वैल असायचा. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असताना आतून वळून आलेली आच वैलाखाली जायची आणि तिथे आमटी रटरटत राहायची किंवा दूध तापायचे. वैलासाठी वेगळे सरपण कोणी लावत नसे. त्यामागचे तीन नियम चूल घालणाऱ्या बाईला पुरते ठाऊक होते : उरलेली आच लागते तिथेच, जवळ, वापरायची; ज्या वेळी ती मिळते त्याच वेळी वापरायची; आणि जितकी ऊन असेल तितक्याच कामाला लावायची. वैलावर भाकरी भाजत नाही, पण दूध तापते. कारखान्यातल्या उष्णतेच्या पुनर्वापराचे शास्त्र याच तीन गोष्टींभोवती उभे आहे. जागा, वेळ आणि तापमान यांचा मेळ बसला तर लाभ, नाहीतर महागडे यंत्र गंजत पडते.

तापमानाच्या बाबतीत अन्नप्रक्रिया उद्योग फार नशीबवान आहे, आणि हे त्या उद्योगातल्याच माणसांच्या लक्षात येत नाही. पोलाद किंवा सिमेंटच्या भट्टीला हजार अंशांच्या वरची उष्णता लागते. तिथे ८० अंशांचे पाणी कुणाच्या उपयोगाचे नसते. आपल्याकडे कॅरेट आणि टाक्या धुवायला ६० अंश पुरतात. दूध पाश्चराइज करायला ७२ अंश लागतात. टोमॅटोचा गर घट्ट राहावा म्हणून त्यातली विकरे मारायची, तर ९० अंशांच्या आसपास जावे लागते. तळण आणि भाजणे सोडले तर बहुतेक काम पाणी उकळण्याच्या खालीच होते. दुसऱ्या उद्योगाला जी उष्णता निरुपयोगी, ती आपल्याला रोजची गरज आहे.

याचा सर्वांत सुंदर पुरावा कुठल्याही बऱ्यापैकी डेअरीत बघायला मिळतो. पाश्चरायझरमध्ये ४ अंशांचे गार दूध येते, ते ७२ अंशांपर्यंत तापवून १५ सेकंद तसेच ठेवायचे आणि पुन्हा ४ अंशांवर आणायचे असते. तासाला दहा हजार लिटर दूध असे नुसत्या वाफेने तापवायचे म्हटले तर सुमारे सव्वा टन वाफ लागेल, आणि पुन्हा गार करायला तितकाच मोठा भार शीतयंत्रावर पडेल. प्रत्यक्षात तसे कोणी करत नाही. बाहेर निघणारे तापलेले दूध आणि आत येणारे गार दूध पातळ पोलादी पत्र्यांच्या दोन बाजूंनी एकमेकांना न भेटता वाहते. तापलेले निवते, गार तापते. याला डेअरीत रीजनरेशन म्हणतात. ते ९० टक्के साधले तर ६८ अंशांच्या चढापैकी ६१ अंश फुकट मिळतात आणि वाफेने फक्त शेवटचे सात अंश चढवायचे राहतात. सव्वा टनाचे काम सव्वाशे किलो वाफेत होते. थंड करण्याचा खर्चही त्याच प्रमाणात उतरतो, म्हणजे एकाच पत्र्याने दोन बिले कमी होतात. सुरक्षेचीही सोय त्यातच आहे. पाश्चराइज झालेल्या दुधाचा दाब कच्च्या दुधापेक्षा जास्त ठेवतात. पत्र्याला बारीक भोक पडलेच, तर चांगले दूध कच्च्यात जाईल, कच्चे चांगल्यात येणार नाही. अन्नाच्या कारखान्यात उष्णता वाचवताना स्वच्छतेचा विचार कसा आधीच करायचा असतो, ते या एका रचनेत दिसते.

आता टोमॅटोकडे येऊ. सहा टन टोमॅटोत पाच टक्क्यांच्या हिशेबाने तीनशे किलो घन पदार्थ असतो. त्याची तीस टक्क्यांची पेस्ट करायची तर एक टन पेस्ट हाती येते आणि पाच टन पाणी वाफ होऊन उडवावे लागते. एक किलो पाणी उकळबिंदूला आणणे स्वस्त आहे, पण त्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात. उघड्या जॅकेट केटलमध्ये हे केले तर पाच टनांहून जास्त वाफ खर्ची पडते, आणि टोमॅटोतून निघालेली पाच टन वाफ पत्र्याच्या छताखाली दाटते व एक्झॉस्ट पंख्याने बाहेर जाते. त्या वाफेत घातलेली उष्णता जवळजवळ जशीच्या तशी असते. ती दुसऱ्या भांड्याला दिली आणि दुसऱ्यातली तिसऱ्याला, तर साधारण दोन टन वाफेत तेवढीच पेस्ट होते. एक किलो ब्रिकेटमागे चार-पाच किलो वाफ धरली, तर एक टनाहून जास्त जळण लागायचे तिथे अर्ध्या टनाहून कमी लागते.

ही युक्ती नवी नाही. नॉर्बर्ट रिल्यू हा १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीय आईच्या पोटी जन्मलेला माणूस. पॅरिसमध्ये तो अभियांत्रिकी शिकला. त्या काळी लुइझियानात उसाचा रस उघड्या कढयांच्या रांगेत उकळत असे आणि गुलाम माणसे लांब दांड्यांच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतत. भाजणे आणि जखमी होणे रोजचे होते. रिल्यूने बंद भांडी एकापुढे एक जोडली आणि पुढच्या भांड्यांतली हवा काढून घेतली. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून पहिल्या भांड्याची वाफ दुसऱ्या भांड्याला उकळवू शकते. १८४३ आणि १८४६ साली त्याला याची पेटंट मिळाली. त्याने जळण तर वाचवलेच. रस उघड्यावर ओतण्याचे ते जीवघेणे कामही संपवले. उष्णता वाचवण्याचा इतिहास सांगताना हा दुसरा लाभ सहसा सांगितला जात नाही. मला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. आजही वाफेने कोंदलेल्या खोलीत केटलजवळ उभ्या असलेल्या बायांना विचारावे. ती वाफ पाइपातून दुसऱ्या कामाला गेली तर त्यांना श्वास घेता येईल.

जगातले बहुतेक साखर कारखाने रिल्यूच्या मार्गानेच चालतात. १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली आणि ती महाराष्ट्रभर पसरली, तेव्हा चार भांड्यांची ही साखळी, कारखान्यातल्या भाषेत क्वाड, तिच्याबरोबर खेड्यापाड्यांत पोहोचली. उसाच्या वजनाच्या निम्मी वाफ लागते असा जुना हिशेब होता. भांड्यांची संख्या वाढवून, मधल्या वाफेवर रस तापवून घेऊन चांगले कारखाने तो ४० टक्क्यांच्या खाली आणतात. वाचलेल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, वीज होते. उसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असते, ते वाफ निवून कंडेन्सेट म्हणून हाती येते आणि कारखान्याची पाण्याची गरज भागवायला मोठी मदत करते. दुष्काळी तालुक्यात या पाण्याची किंमत जळणापेक्षा कमी समजू नये.

दिंडोरी तालुक्यात कादवा सहकारी साखर कारखाना आहे. त्याच तालुक्यात द्राक्षांची पॅकहाउस आहेत, वायनरी आहेत, फळांचे गर आणि सॉस करणारे छोटे-मोठे कारखाने आहेत. साखर कारखान्यातला पॅनमन आणि इव्हॅपोरेटरवरचा कामगार ज्या गोष्टी सहज जाणतो, त्या त्याच रस्त्यावरच्या सॉसच्या कारखान्यात पोहोचलेल्या नाहीत. माझे सगळे म्हणणे एवढ्यात आहे. परदेशातून काही आणायचे शिल्लक नाही. ज्ञान याच जिल्ह्यात आहे, माणसे याच जिल्ह्यात आहेत, आणि वाफेची उपकरणे करणाऱ्या फोर्ब्स मार्शल आणि थरमॅक्ससारख्या कंपन्या दोनशे किलोमीटरवर पुण्यात आहेत. मोठ्या कारखान्याची सवय लहान कारखान्याला लागायची बाकी आहे.

नाशिकचे खास वैशिष्ट्य मात्र गरमीपेक्षा गारव्यात आहे, आणि त्यावर मराठीत फारसे कुणी लिहिलेले नाही. शीतगृह थंडी तयार करत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकते. दहा टन द्राक्षे २८ अंशांवरून २ अंशांवर आणायची तर त्यातून सव्वादोन लाख किलोकॅलरी, म्हणजे २६० युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही उष्णता होऊन तिच्यात मिसळते. ही सगळी कंडेन्सरवरच्या पंख्याने हवेत जाते. त्याच आवारात पलीकडे कॅरेट धुवायला पाणी तापवले जाते, गीझरने किंवा डिझेलच्या बर्नरने.

इथे अतिशयोक्ती नको. यातली बहुतेक उष्णता ३५ ते ४० अंशांची, कोमट असते. फक्त कॉम्प्रेसरमधून निघालेल्या वायूचा पहिला, कडक तापलेला भाग, साधारण दहावा हिस्सा, ६० अंशांचे पाणी देऊ शकतो. दहा टन द्राक्षांमागे असे आठशे लिटरच्या आसपास पाणी मिळेल. जानेवारीत नाशिकच्या टाकीतले पाणी चांगलेच गार असते. ते आधी कोमट भागातून फिरवून मग कडक भागातून नेले तर दोन्ही हिश्श्यांचा उपयोग होतो. यापेक्षा जास्त हवे असेल तर हीट पंप लावावा. तो एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता वर उचलून देतो, आणि शीतगृहाच्या कोमट उष्णतेवर तो फार चांगला चालतो. वायनरीत तर मेळ आपसूक बसतो. आंबणाऱ्या रसातून उष्णता काढून टाकावी लागते त्याच आठवड्यांत रिकाम्या टाक्या गरम पाण्याने धुवायच्या असतात. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सच्या धर्तीवर एकाच आवारात द्राक्षे, गोठवलेली फळे आणि टोमॅटो केचप ठेवणारे प्रकल्प शेतकऱ्यांच्या कंपन्या उभ्या करतील, तिथे हा मेळ नकाशावरच बसवता येईल. कंडेन्सर आणि धुण्याची जागा यांत दोनशे मीटरचे अंतर ठेवले तर पुढे तो कधीच बसणार नाही.

पण वेळ जुळत नाही अशाही जागा पुष्कळ आहेत. टोमॅटो ऑगस्ट ते डिसेंबरचा, द्राक्षे उन्हाळ्याआधीची. द्राक्षांची उष्णता टोमॅटोला देता येत नाही, कारण गरम पाणी चार महिने साठवता येत नाही. ज्यांनी उत्साहाने अशी जोडणी सुचवली असेल त्यांना नम्रपणे सांगावे लागते की हे कागदावरच शोभते. प्रत्येक हंगामाला त्याच्या आतच गिऱ्हाईक शोधावे. टोमॅटोच्या हंगामात सॉसच्या बाटल्या गार करणारे पाणी ऊन होऊन निघते; तेच बाटल्या आणि टोमॅटो धुवायला घ्यावे. एवढे केले तरी पाण्याचा एक टँकर वाचतो.

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्याबद्दल मी सर्वांत आग्रही आहे : कंडेन्सेट. वाफ केटलच्या जॅकेटमध्ये आपली उष्णता देऊन पाणी होते. ३ बार दाबाच्या वाफेत जितकी उष्णता असते तिच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त या पाण्यात उरलेली असते. शिवाय ते शुद्ध, जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणी असते. त्यात क्षार नाहीत, त्याला सॉफ्टनर लागत नाही. लहान कारखान्यांत ते सर्रास भिंतीबाहेरच्या गटारात सोडलेले दिसते, आणि बॉयलरच्या फीड टँकमध्ये बोअरवेलचे २५ अंशांचे पाणी पडत असते. फीड पाणी ६ अंशांनी तापले की सुमारे १ टक्का जळण वाचते, हा बॉयलरवाल्यांचा नेहमीचा ठोकताळा आहे. २५ चे पाणी ८५ वर गेले तर दहा टक्के झाले. त्यासाठी लागतात एक पाइप, एक छोटा पंप, पाइपावर लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे वेष्टन, आणि वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे, चालू अवस्थेतले स्टीम ट्रॅप. ट्रॅप बिघडला म्हणून बायपास व्हॉल्व्ह उघडून ठेवायची सवय मात्र मोडावी लागेल, कारण त्या उघड्या व्हॉल्व्हमधून ताजी वाफच परत टाकीत जाते. टाकीवर वाफेचे ढग दिसले की कंडेन्सेट छान परत येते आहे असे समजू नये.

अन्नाच्या कारखान्यात एक धोका खरा आहे. जॅकेटला तडा गेला तर साखर किंवा रस कंडेन्सेटमध्ये मिसळतो आणि बॉयलरमध्ये फेस येतो, नळ्या खाल्ल्या जातात. त्यावरही साखर कारखान्यांनी फार पूर्वी उपाय काढला आहे. तिथली प्रयोगशाळा अल्फा नॅफ्थॉल वापरून कंडेन्सेटमध्ये साखरेचा अंश आहे का ते नियमाने तपासते, आणि अंश दिसला की ते पाणी बॉयलरकडे जाऊ देत नाही. सॉसच्या कारखान्यात हेच काम पाण्याची विद्युतवाहकता मोजणारा साधा मीटर करू शकतो.

चिमणीबद्दल थोडक्यात. धुराचे तापमान २२ अंशांनी उतरले की बॉयलरची कार्यक्षमता साधारण १ टक्क्याने वाढते. इकॉनॉमायझर किंवा एअर प्रीहीटर त्यासाठीच असतो. पण गंधक असलेले इंधन जाळत असाल तर धूर फार गार करू नका, नाहीतर आम्ल साचून पत्रा झिजतो. चिवडा-फरसाणच्या भट्ट्यांचा धूर तर फार कडक असतो. तो अन्नाला लागता कामा नये, हे उघडच आहे. पण पत्र्याआडून त्याने स्वच्छ हवा तापवता येते. चिवड्याचे पोहे तळण्याआधी उन्हात वाळवण्याची आपली रीत आहे. ढगाळ आठवड्यात, आणि नाशिकच्या पावसाळ्यात असे आठवडे भरपूर, ही तापलेली हवा त्या उन्हाचे काम करेल.

पैशाचा हिशेबही स्पष्ट सांगायला हवा. बारा महिने चालणाऱ्या डेअरीत कंडेन्सेटची लाइन किंवा इकॉनॉमायझर अनेकदा वर्ष-दोन वर्षांत फिटतो. तीच गोष्ट वर्षाला शंभर दिवस चालणाऱ्या कारखान्यात बसवली तर तिपटीहून जास्त वेळ लागतो. नाशिकचे अन्नप्रक्रिया उद्योग बरेचसे हंगामी आहेत, म्हणून त्यांनी मोठ्या कारखान्यांची नक्कल करू नये. आधी गळत्या बंद, मग लॅगिंग, मग कंडेन्सेट, आणि त्यानंतरच यंत्रे. गळतीच्या वाफेतून उष्णता परत मिळवण्याचे यंत्र विकत घेणे म्हणजे दुहेरी नुकसान. उष्णता कमी लागू लागली की आणखी एक लाभ होतो, जो कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही : आहे तोच बॉयलर जास्त माल काढू लागतो, आणि नव्या बॉयलरचा खर्च काही वर्षे पुढे जातो.

२००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने आणि त्यानंतर स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने मोठ्या उद्योगांना हिशेब ठेवायला लावले. छोटे अन्नप्रक्रियावाले त्या बंधनाबाहेर राहिले. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्न उद्योग योजनेत ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, अनुदान ठेवले गेले. त्यातून केटल येते, पॅकिंग मशीन येते. कंडेन्सेटची लाइन यादीत नसते, कारण ती मागायची असते हे कुणी सांगितलेले नसते. प्रकल्प अहवाल लिहून देणाऱ्या सल्लागारांनी आणि तो तपासणाऱ्या बँक अधिकाऱ्यांनी पुढची कर्जप्रकरणे हाती घेण्याआधी हे पुस्तक वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या उद्योजकांनी निमासारख्या आपल्या संघटनांत वर्षातून एक दिवस तरी बॉयलर अटेंडंटना व्यासपीठावर बोलवावे. कारखान्यात उष्णता कुठून निसटते ते त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते, आणि त्यांना विचारणारेही कोणी नसते.

वाचकांनी पुस्तक सुरुवातीपासूनच वाचले पाहिजे असे नाही. डेअरीवाल्यांनी, शीतगृहवाल्यांनी, वायनरीवाल्यांनी आपापला भाग आधी काढावा. मात्र त्याआधी एक काम करा. हंगाम सुरू असताना, भर कामाच्या वेळी, एक साधा थर्मामीटर आणि वही घेऊन आपल्या आवारात फिरा. चिमणी, गटार, कंडेन्सर, फीड टँक, धुण्याची जागा, प्रत्येक ठिकाणचे तापमान आणि वेळ लिहून ठेवा. जिथून गरम काही बाहेर जाते आणि जिथे गरम काही लागते, त्या दोन जागा वहीच्या एकाच पानावर मांडा. पुढची पाने त्या पानाच्या आधाराने वाचली तर जास्त उपयोगी पडतील.